राणीचं लुगडं आणि मंगरूचा पहारा

सौंदडच्या चंद्रकांताला तोंड आवरता येत नसे. बरंच झालं येत नसे ते, नाहीतर पुढचं काहीच घडलं नसतं.

उमराव कापगत्यांची ही धाकटी मुलगी. घर कोहळी समाजातलं, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं. पाणी कुठून येतं, कुठं अडवायचं, कुठून सोडायचं, याखेरीज त्या घरात दुसरी बोलणी नाहीत. अशा घरातली ही पोरगी नागपूरला जाऊन बी.ए. झाली आणि परत यायचं सोडून तिथल्याच एका कॉलेजात नव्या निघालेल्या वर्गात जाऊन बसली. हा वर्ग नाटकाचा होता. नटी व्हायचा नव्हे हं! नाटकाची वही पुढ्यात घ्यायची, कोणता प्रवेश आधी, कोणता मागून, काय ठेवायचं, काय काढायचं, ते ठरवून मंडळींकडून बसवून घ्यायचं, याचं दोन वर्षांचं शिक्षण.

उमरावांना ते काही केल्या पटेना. "म्हंजे तू नाटकात करशीन काय?"

"काय ठेवाचं अन् काय काढाचं, ते सांगीन, बाबा."

"अन् त्याच्यासाठी सोळा वर्स शिकाव लागते?"

प्रश्न रास्त होता. पण स्कॉलरशिप मिळत होती, म्हणून बापानंही जास्त ताणलं नाही.

१९५८ साली दुसरं वर्ष लागलं. त्या वर्षी अर्धी परीक्षा लेखी नव्हतीच. प्रत्येकानं खरीखुरी मंडळी गाठायची, त्यांचं नाटक हाती घ्यायचं, त्यावर काम करायचं आणि खऱ्या प्रेक्षकांपुढे प्रयोग करून दाखवायचा. परीक्षक तिथं येऊन बसणार. सोबत एक वही ठेवायची: डाव्या पानावर काय बदल केला, उजव्या पानावर का केला. छापील नियमांत सातवा नियम जाड अक्षरांत होता: प्रयोग मध्येच बंद पडल्यास काम ग्राह्य धरलं जाणार नाही. ग्राह्य नाही म्हणजे वर्ष गेलं, वर्ष गेलं की स्कॉलरशिप गेली, आणि स्कॉलरशिप गेली की नागपूर संपलं. इतकं ते सरळ होतं.

वर्गात सहा जण. पाच मुलगे आणि ही. पाचही जणांनी नागपुरातल्या मंडळ्या धरल्या. पक्कं थिएटर, डोक्यावर पंखा, परीक्षकांच्या घरापासून टांग्यानं दहा मिनिटं. सरांनी हिला विचारलं आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "मी माझ्या गावच्या मंडईत दंडार बसवीन."

वर्ग फिसकन हसला. एकानं विचारलं, "दंडारीला संहिता असते?"

"असते!" चंद्रकांता उभी राहिली. "बकाराम काकांच्या पेटाऱ्यात आहे. लाल फडक्यात बांधलेली. तुमच्या नाटकांपेक्षा जुनी आहे!"

सर म्हणाले, "करा." ती खाली बसली. मनात कसला आनंद झाला होता म्हणून सांगू! गावची दंडार आणि तिला परीक्षक बघायला येणार! असं आमच्या झाडीपट्टीत कधी कोणी ऐकलं होतं का?

आता ज्यांनी मंडई पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाऊबीज झाली की आमच्याकडे एकेका गावाची मंडई भरते. माहेरवाशिणी येतात, जावई येतात, आजूबाजूच्या दहा गावांचे पाहुणे येतात, जिलेबीच्या कढया चढतात. आणि भर दुपारी, उघड्या मैदानात, दोन बांबूंना पडदा बांधून दंडार होते. टिपऱ्या, ढोलकी, नाच, गाणं, सोंगं आणि मधून एक गोष्ट. बाईचं काम पुरुषच करणार. ज्या गावची दंडार फिकी पडली त्या गावाला पुढच्या मंडईपर्यंत तोंड लपवावं लागतं. थट्टा नाही ही.

दिवाळीच्या महिनाभर आधी चंद्रकांता गावी आली आणि सरळ बकाराम काकांच्या ओसरीवर जाऊन बसली. बकाराम दंडारीचे मुख्य. साठी उलटलेली, बोटं अजून ढोलकीवर वाऱ्यासारखी चालायची. त्यांनी लाल फडकं सोडलं, वही तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "घे बाई. तू शिकून आली. आमाले बी समजू दे, आमी काय करून राहिलो ते."

गावात कुजबुज झालीच. पोरगी दंडारीच्या तालमीत बसते म्हणे! उमरावांना कोणीतरी पारावर टोचलं, तर ते उखडले. "बसते तं बसते! तुमच्या छातीवर बसून राहिली का?" मुलीचं शिक्षण समजो न समजो, तिला दुसऱ्यानं बोललेलं त्यांना खपत नसे.

दंडारीतली गोष्ट साधी. एक राजा लढाईला जातो. निघताना पडद्याआडच्या राणीला वचन देतो. तो परत येत नाही, राणी त्याला शोधत रानोमाळ फिरते आणि शेवटी तिला फक्त त्याचं पागोटं सापडतं. राजाही कवडूच करायचा आणि राणीही कवडूच. काळाकभिन्न, उंच, नांगर धरणारा गडी, पण गळा असा की राणीचं रडगाणं लावलं की दगडालाही पाझर फुटावा. दोन्ही गाणी त्याच्याच तोंडून ऐकायची, असा गावाचा हट्ट. राजाराणी पुन्हा भेटतच नाहीत, त्यामुळे अडत नव्हतं.

आणि मधे होता मंगरूचा पहारा.

मंगरू गावचा पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी आणि किती सोडायचं, हे त्याच्या हाती. म्हणजे वर्षभर सगळ्या गावच्या शिव्या खाणं त्याच्या नशिबी. ज्याला पाणी मिळालं तो गप्प, ज्याला उशिरा मिळालं तो याचा बाप काढणार. आणि मंडईच्या दिवशी, राजा लढाईला गेला की हाच मंगरू मुंडासं बांधून, तोंडाला खडू फासून, काठी आपटत पहारेकरी म्हणून यायचा आणि प्रेक्षकांत बसलेल्या एकेका शेतकऱ्याला उठवायचा. "हा पाहा चोर! माही नजर चुकवून बांधी फोडली यानं!" वर्षभराचं सगळं उसनं तो त्या दहा मिनिटांत फेडून घ्यायचा. ज्याला शिव्या पडत तोही पोट धरून हसे.

चंद्रकांतानं वही वाचली, पुन्हा वाचली आणि लाल पेन्सिल हातात घेतली. सरांचं एक वाक्य तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं: नाटकात एखादी गोष्ट का आहे हे कोणालाच सांगता येत नसेल, तर ती काढा. राजा गेला, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आता लगेच राणी रडत यायला हवी. तिथं हा माणूस पाणीचोर कशाला पकडतो?

"काका, हा पहारा इथं कायले आहे?"

बकाराम काकांनी विचार केला. "आमच्या बुवापासून हाये. वही त्याईनंच लिवली."

"बुवानं कायले घातला पन?"

"त्याईले कोन विचारन? ते तं मरून तीस वर्स झाले."

झालं! ते पान तिनं काटलं. उजव्या पानावर सुरेख अक्षरात लिहिलं: कथेशी संबंध नाही. करुण रसाचा भंग होतो.

तालमीत तर काय रंग भरला! कवडू राजाचं शेवटचं कडवं म्हणायचा, गर्रकन फिरायचा, खांद्यावरचा पंचा डोक्यावर घ्यायचा आणि झाली राणी! एका श्वासात वचन आणि पुढच्या श्वासात विरह. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा टिपऱ्यावाली पोरं नाचायची थांबली. बकाराम काका ढोलकीवर हात ठेवून बघतच राहिले. "अवं बाई," ते म्हणाले, "चाळीस वर्स वाजवून राहिलो, पन असं नव्हतं झालं." चंद्रकांता घरी जाताना अक्षरशः उड्या मारत गेली. बावीस वर्षांची बी.ए. झालेली बाई, आणि बांधाबांधावरून उड्या!

मंगरूला हे सांगायचं तिनं स्वतःकडेच घेतलं. तो तलावाच्या मातीच्या पाळीवर बसला होता. तिनं रस, कथा, एकसूत्रीपणा, सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"बरं," तो म्हणाला. "माहा पार्ट तुले खराब वाटला?"

"खराब नाही, मामा. कामाचा नाही."

"बरं," मंगरू पुन्हा म्हणाला आणि पाण्याकडे पाहत बसला. तिला जरा वाईट वाटलं. पण जरासंच. खरं सांगायचं तर तेव्हा ती इतकी हवेत होती की मंगरूचं तोंड तिला नीट दिसलंच नाही.

मंडईचा दिवस उजाडला. परीक्षक आदल्या दिवशी गोंदियात मुक्काम करून सकाळच्या लहान रुळांच्या गाडीनं सौंदडला उतरले. धोतर, कोट, चष्मा, हातात काळी छत्री. त्यांना घ्यायला उमराव स्वतः नवं धोतर नेसून स्टेशनवर गेले होते आणि येताना वाटेत त्यांना पाच तलावांची नावं सांगून आले. मैदान दुपारपर्यंत गच्च भरलं. झाडांवर पोरं, बैलगाड्यांवर बाया, पुढे एकच खुर्ची, तीत परीक्षक. चंद्रकांता पडद्यामागे, हातात वही, चेहरा कसा फुललेला!

मंगरूही आला होता. पार्ट नव्हता, तरी मुंडासं बांधून, तोंडाला खडू फासून, काठी घेऊन पहिल्या रांगेत जमिनीवर फतकल मारून बसला. कोणी हटकलं तर म्हणाला, "तोंड माहं, खडू माहा. तुह्या बापाचं काय जाते?"

आता एक रीत सांगायची राहिली. मंडईच्या दिवसाआधी आमच्याकडे सोंग अंगावर घेत नाहीत. तालीम साध्या कपड्यांत. आणि राणीचं लुगडं दरसाल गावच्या एका माहेरवाशिणीचं असतं. त्याच सकाळी ती ते आणून देणार, त्याचा मान तिचा. त्या वर्षी मान होता नवेगावबांध गावी दिलेल्या शकुंतलाबाईंचा, चंद्रकांताच्या थोरल्या बहिणीचा. नऊवारी, जरीकाठी, तिच्या लग्नातलं. ते घेऊन ती पडद्यामागे सज्ज उभी होती.

दंडार सुरू झाली. काय ती ढोलकी, काय त्या टिपऱ्या! परीक्षकांचा पाय धोतराआड ताल धरत होता, हे चंद्रकांतानं पडद्याच्या फटीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कवडूनं राजाचं वचन असं म्हटलं की बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. शेवटचं कडवं झालं. कवडू गर्रकन फिरला, पडद्यामागे आला.

आणि चंद्रकांताच्या तोंडचं पाणी पळालं.

कवडूच्या अंगावर राजाचा झगा, त्याखाली सुरवार, ओठांवर डिंकानं चिकटवलेली मिशी, डोक्यावर पागोटं, पायांत चाळ. आणि समोर शकुंतलाबाई, नऊ वाराचं लुगडं, चोळी, बांगड्या, गंगावन. तालमीत पंचा डोक्यावर घेतला की राणी होत होती! इथं तर मिशीच निघेना. शकुंतलाबाईंनी ती ओढली तर कवडू कळवळला. "हळू वं! माहं तोंड हाये ते!"

बाहेर मैदान रिकामं. बकाराम काका तोच ठेका वाजवत राहिले, पुन्हा तोच, पुन्हा तोच. झाडावरच्या पोरांनी शिट्टी मारली. मागून कोणी ओरडलं, "राणी पळून गेली का?" शेवटी बकाराम काकांचे हातही थांबले. त्यांनी पडद्याकडे मान वळवली. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत एवढी घाबरगुंडी तिनं कधी पाहिली नव्हती.

तेव्हा तिला कळलं, बुवांनी पहारा कायले घातला होता ते. चोरांसाठी नव्हे. राणीला लुगडं नेसता यावं म्हणून! दरसाल ते आपोआप उरकत आलं, म्हणून कवडूच्याही ध्यानात आलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी मेलेल्या त्या माणसानं विचार करून ठेवलेली जागा तिनं लाल पेन्सिलीनं उडवली होती. सातवा नियम डोळ्यांपुढे उभा राहिला. वर्ष गेलं. नागपूर गेलं. गावची अब्रू तर आताच, सगळ्यांदेखत, चालली होती.

ती पडदा सारून बाहेर आली. दंडारीच्या मैदानात त्या गावात त्याआधी बाई आलेली नव्हती. हजार माणसांनी माना उंचावल्या.

"मंगरू मामा," ती म्हणाली, "या ना. पहारा द्या."

मंगरू हलला नाही. "माहा पार्ट तं तू काटला ना?"

"चुकली मी, मामा."

"जोरानं बोल. मांगच्याईले आयकू नाही आलं."

तिनं डोळे मिटले आणि जीव खाऊन ओरडली, "चुकली मी! तुमचा पार्ट काढाचा नव्हता!"

लोकांना वाटलं हे दंडारीतलंच. असा हशा उठला की काय सांगू! मंगरू काठी टेकत उठला, मुंडासं सारखं केलं आणि एका उडीत मैदानात. बकाराम काकांच्या ढोलकीत जीव आला. त्या दिवशी मंगरूनं एकाही पाणीचोराला हात लावला नाही. तो तिच्याभोवती गिरकी घेऊन आला आणि काठी तिच्याकडे रोखून ओरडला, "राजा गेला लढाईले अन् वाड्यात चोर घुसला! हा पाहा चोर! नागपूरची शिकली चोर! हिनं काय चोरलं, इचारा!"

"काय चोरलं?" मैदान ओरडलं.

"माहा अख्खा पहारा चोरला! कुदळीनं नाही, फावड्यानं नाही. पेन्शिलीनं! आता हिले सजा काय देवाची?"

"जिलेबी!" पोरं झाडावरून किंचाळली. "सप्पा गावाले जिलेबी!"

उमराव गर्दीत उभे राहून सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. चंद्रकांताही हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला सुचेना. इतक्यात पडद्यामागून शकुंतलाबाईंचा आवाज आला, "झालं वं!" मंगरूनं शेवटची काठी आपटली, चंद्रकांताला हाताला धरून आत नेलं आणि राणी रडत बाहेर आली. नुकतं हसून हसून मऊ झालेलं मैदान पहिल्याच ओळीला रडू लागलं. पंचा डोक्यावर घेऊन जे झालं होतं त्याच्या दसपट!

दंडार संपल्यावर परीक्षक उमरावांच्या अंगणात चहाला बसले. मांडीवर तिची वही. मंगरू, कवडू, बकाराम काका अंगणाच्या कडेला जिलेबी खात उभे.

"तो पहारेकरी!" परीक्षक अगदी रंगात आले होते. "आधी ढोलकी थांबवलीत, मैदान रिकामं ठेवलंत, लोक बेचैन झाले, आणि मग नाटक बसवणारीच बाहेर येऊन माफी मागते! नागपुरात कोणाला सुचलं नसतं हे. कल्पना कोणाची? वहीत दिसत नाही."

बकाराम काकांची जिलेबी हातातच राहिली. सगळ्यांना कळत होतं. एक शब्द, 'माझी', एवढं म्हणायचं आणि पहिला नंबर. तिच्या जिभेवर आलाही होता तो शब्द, उगाच खोटं कशाला सांगू? पण समोर मंगरू उभा होता, तोंडावरचा खडू घामानं ओघळलेला, आणि तो तिच्याकडे नाही तर खाली मातीकडे बघत होता. पाळीवर बसून पाण्याकडे बघत होता तसाच. या वेळी तिला त्याचं तोंड नीट दिसलं.

"कल्पना कोणाचीच नाही, सर," ती म्हणाली. "प्रयोग बंद पडला होता." आणि सगळं सांगितलं. मिशी, लुगडं, बुवा, पेन्सिल, सगळं. "मंगरू मामांनी वाचवला."

परीक्षकांचा चेहरा उतरला. "सातवा नियम तुम्हाला माहीत आहे?"

"आहे, सर."

त्यांनी वही मिटली, कपातला चहा तसाच ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. अंगणातली माणसं एकेक करून पांगली. मंगरू जाताना एवढंच म्हणाला, "काऊन सांगतलं वं? येडी हायेस का?"

उशिरा पिकणाऱ्या जड धानाची कापणी आटोपत आली होती तेव्हा टपाल आलं. चंद्रकांता सुट्टीत घरीच होती. पाकीट उघडायचा तिला धीर होईना. उमराव खळ्यावर ओरडत गेले, "या रे, कागद आला!" आणि अर्धी दंडार गोळा झाली. तिनं पाकीट फोडलं. घाईत कागद आधी उलटाच धरला.

"पास," ती म्हणाली. मग किंचाळली, "पास!"

बकाराम काकांनी तिथल्या तिथं सुपावर ठेका धरला. कवडूनं उमरावांना उचललं. मंगरू मात्र धानाच्या ढिगाशी उभा होता, तसाच.

"खाली काय लिवलं हाये?" त्यानं विचारलं. "पुरं वाच."

तिनं वाचलं: "प्रयोग थांबला होता हे मला पाहून कळले नाही. विद्यार्थिनीने सांगितले म्हणून कळले. जो खंड हजार माणसांना दिसला नाही, तो मी धरत नाही. पहारेकऱ्याचे काम करणारे श्री. मंगरू यांनी प्रयोग उत्तम सावरला. त्यांचा प्रवेश संहितेत कायम ठेवावा."

सगळे मंगरूकडे वळले. मंगरूनं मुंडासं सोडलं, तोंड पुसलं, पुन्हा बांधलं. साऱ्या जन्मात त्याच्या नावाचा असा कागद गावात आला नव्हता.

"श्री. मंगरू?" तो म्हणाला. "असंच लिवलं हाये?"

"असंच लिवलं आहे, मामा."

"मंग वाच अजून एक डाव." आणि मागच्यांकडे वळून, काठी आपटून, "जोरानं वाच! मांगच्याईले आयकू नाही आलं!"